जिंकलेला पैसा दारातच का अडतो?

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या बसस्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर एका तरुणाने मला त्याच्या मोबाइलवरचे पैजेचे ॲप दाखवले. हिरव्या अक्षरांत १८,४०० रुपयांचा आकडा आणि त्याखाली दोनच शब्द: ‘विड्रॉल पेंडिंग’. चौथा दिवस होता. “काका, बँकेचा सर्वर डाऊन असंल का?” त्याने विचारले. मी काही बोलण्याआधीच त्याने दोन चहांचे पैसे द्यायला टपरीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला. ग्लास खाली ठेवेपर्यंत टपरीवाल्याच्या डबीने वीस रुपये मिळाल्याचे मोठ्याने सांगितलेही. फोन तोच, बँक तीच, गावही तेच. वीस रुपये क्षणात गेले आणि अठरा हजार चार दिवसांत आले नाहीत. बँकेच्या सर्वरची बाजू त्या डबीनेच मांडून टाकली.

लांबच्या व्यापाराची या गावाला दोन हजार वर्षांची ओळख आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी वाटाड्या-पुस्तकात तेरचा उल्लेख ‘तगर’ असा येतो. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. इथले कापड गाड्यांत भरून बंदरावर जाई. त्या काळी उशीर वाटेत होता आणि तो सगळ्यांना दिसत होता. आता वाट जवळपास उरलेलीच नाही, तरी उशीर आहे. तो देणाऱ्याच्या दारात बसला आहे. तिथे त्याला बसवणारे तिघे: कायदा, धंदा आणि लबाडी. पंचाईत एवढीच की स्क्रीनवर तिघांचाही शब्द एकच असतो, ‘पेंडिंग’.

वाट मोकळीच आहे

आधी बँकांवरचा संशय दूर करू. एनईएफटीने पैसे पाठवायचे तर पूर्वी बँकेची वेळ आणि सुट्ट्या बघाव्या लागत. १६ डिसेंबर २०१९ पासून ही सेवा चोवीस तास, वर्षभर चालते. दर अर्ध्या तासाने व्यवहारांचा एक गठ्ठा पुढे सरकतो. मोठ्या रकमांची आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून तशीच अखंड झाली. आयएमपीएस २०१० पासून रात्री-अपरात्री, रविवारी, दिवाळीला चालू आहे आणि तिच्यातून एका वेळी पाच लाखांपर्यंत रक्कम जाते. २०१६ मध्ये यूपीआय आले. त्यामुळे ‘शनिवार-रविवार बँका बंद’ हे कारण ॲपवाल्याने दिले तर ते किमान सहा वर्षे शिळे आहे.

व्यवहार मध्येच अडकण्याचे प्रकार होतात, नाही असे नाही. पण त्यालाही रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये मुदत घालून दिली. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले यूपीआयचे पैसे कापले गेले आणि समोर जमा झाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. शिवाय खरोखर निघालेल्या प्रत्येक रकमेला क्रमांक असतो. यूपीआय आणि आयएमपीएसचा तो बारा आकडी असतो. “आम्ही पाठवले, तुमच्या बँकेत अडकले” असे कोणी म्हणाले तर वाद न घालता तो क्रमांक मागावा. क्रमांक मिळाला तर बँक शोध घेऊ शकते. मिळाला नाही, तर पैसे निघालेलेच नाहीत.

पडद्यावरचा आकडा म्हणजे काय

त्या तरुणाची खरी चूक बँकेबद्दल नव्हती. अठरा हजार ‘आपल्याकडे’ आहेत, फक्त यायचे आहेत, असे त्याने धरले होते. चहाचे वीस रुपये बँकेतल्या त्याच्या खात्यात होते. अठरा हजार कुणीतरी त्याला देणे लागत होते. देणे आणि असणे यांत फरक आहे, आणि विड्रॉलची सगळी गोष्ट त्याच फटीत घडते.

सातवाहनकाळात रोमन नाण्यांची नक्कल करून मातीची पदके घडवत आणि गळ्यात घालत. दख्खनच्या ज्या जुन्या गावांत असे नमुने सापडले, त्यांत तेर आहे. राजाचा चेहरा तोच, गोलाई तीच. पण ते नाणे बाजारात चालवायला नव्हते, मिरवायला होते. ॲपमधला बॅलन्स हा त्याच जातीचा. तो वठेल की नाही हे त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसावर ठरते.

याचा जगाला बसलेला मोठा दणका म्हणजे ‘फुल टिल्ट पोकर’. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी सरकारने बड्या पोकर संकेतस्थळांवर कारवाई केली. त्यानंतर उघड झाले की या कंपनीवर जगभरच्या खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणे होते आणि बँकेत होते जेमतेम ६ कोटी. खेळाडूंच्या स्क्रीनवर मात्र प्रत्येकाचा आकडा शेवटच्या सेंटपर्यंत बरोबर दिसत होता. अमेरिकेतल्या खेळाडूंना पैसे परत मिळायला २०१४ उजाडले. हा धोका ओळखून ब्रिटनमध्ये कंपनीला ग्राहकाला सांगावे लागते की कंपनी बुडाली तर त्याच्या पैशाला संरक्षण आहे, थोडेफार आहे की मुळीच नाही.

आपल्याकडे कायद्याचे उत्तर याहून कोरडे आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ३० सांगते की पैजेचा करार रद्दबातल असतो आणि जिंकलेल्या रकमेसाठी दावा लावता येत नाही. मुंबई इलाख्याने त्याआधीच, १८६५ मध्ये, पैजेला धरून केलेले जोडकरारही निष्फळ ठरवले होते. फँटसी क्रिकेट आणि रमीवाल्या कंपन्या आपला खेळ कौशल्याचा, म्हणून पैजेच्या बाहेरचा, असे म्हणत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फँटसी खेळाबाबत तो युक्तिवाद मान्यही केला. पण रंगांच्या चक्रावर, विमान उडण्याच्या खेळावर किंवा आयपीएलच्या षटकावर लावलेल्या पैशाला ती ढाल नाही. तिथे पैसे अडले तर कोर्टाचे दार पहिल्यापासूनच बंद.

इथे मटक्याची आठवण येते. १९६० च्या दशकात मुंबईत कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या नावांनी वाढलेला तो धंदा पूर्ण बेकायदा होता, तरी आकडा लागला की पैसे रोख मिळत. एकेरी आकड्याला नऊपट. दहांतून एक शक्यता आणि भाव नऊचा, म्हणजे मालकाचा हिस्सा भावातच कापलेला. चिठ्ठीवाला गावातला, ओळखीचा. त्याने एकदा पैसे बुडवले की दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे कोणी आकडा लावणार नाही. हे मटक्याचे कौतुक नाही, त्याने उठवलेली घरे जुन्या माणसांना पाठ आहेत. पण देणेकरी समोर बसलेला असला की ‘पेंडिंग’ हा शब्द त्याला परवडत नाही, एवढे त्यातून कळते.

कायद्याचा उशीर: ओळख आणि कर

तिघांपैकी पहिला प्रामाणिक आहे. पैसे देण्याआधी ते योग्य माणसाला चालले आहेत का, हे पाहणे भाग असते. वय अठराच्या वर आहे का, पॅन त्याचाच आहे का, ज्या खात्यात पैसे मागतो आहे ते त्याच्याच नावाचे आहे का. खाते पडताळायची सोपी रीत म्हणजे त्यात एक रुपया टाकायचा आणि बँकेकडून खातेदाराचे नाव मागवून घ्यायचे. नाव जुळले तर पुढे, नाहीतर फाइल माणसाच्या टेबलावर.

आपल्या भागात ती फाइल टेबलावर का जाते, हे महा ई-सेवा केंद्रात तासभर बसले की दिसते. ‘ज्ञानेश्वर’चे इंग्रजी स्पेलिंग आधारवर डीपासून सुरू होते, पॅनवर जीपासून. जिल्हा बँकेच्या जुन्या पासबुकात आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांच्या नावाचे एकच अक्षर. सुनेच्या आधारवर सासरचे नाव, बँकेत अजून माहेरचे. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, तेव्हा एका कागदावर उस्मानाबाद आणि दुसऱ्यावर धाराशिव. माणसाला हे सगळे एकच दिसते. यंत्राला दोन माणसे दिसतात. मग कोणीतरी बसून कागद तपासतो आणि त्यात दिवस जातो.

काही तपासण्या खेळाच्या. एकाच खोलीत, एकाच हॉटस्पॉटवर चौघे मित्र एकाच रमीच्या टेबलावर बसले तर संगनमताचा संशय येतो. कार्डावरून भरलेले पैसे त्याच कार्डावर परत करण्याची रीत असते, कारण चोरीच्या कार्डाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात धुऊन निघू नयेत. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरसुद्धा शर्यत संपल्या संपल्या पैसे वाटत नाहीत. जॉकींचे वजन होते, हरकत नाही ना ते बघतात, मगच खिडकी उघडते. अशा उशिराला कारण असते, ते सांगता येते आणि तो संपतो.

आणि कर? १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ कमाईवर, आयकर कायद्याच्या कलम १९४बीए खाली, ३० टक्के कर उगमातच कापायचा नियम आला. कापायची वेळ म्हणजे विड्रॉल, आणि उरलेल्यावर आर्थिक वर्षाअखेर. हिशेब असा: वर्षाच्या सुरुवातीला खाते रिकामे, खेळाडूने १०,००० भरले, बॅलन्स १६,००० झाला आणि त्याने १२,००० काढले. काढलेल्यातून भरलेले वजा केले की २,००० कमाई, त्यावर ६०० कर, हाती ११,४००. पुढे उरलेले ४,००० काढले की ते सगळे कमाईच, म्हणून १,२०० कर. महिन्यातली कमाई शंभर रुपयांपर्यंत असेल तर विड्रॉलच्या वेळी कापायची गरज नाही, असे मे २०२३ च्या परिपत्रकात सांगितले होते.

हा हिशेब मी दोन मिनिटांत कागदावर केला. यंत्राला तेवढेही लागत नाहीत. म्हणून ‘टॅक्समुळे उशीर’ हे कारण लंगडे आहे. आणि लक्षात ठेवण्याची खूण अशी की हा कर आतून कापला जातो. बाहेरून आणून भरावा लागत नाही. कापला असेल तर तो आपल्या पॅनखाली, आयकर खात्याच्या करकपातीच्या विवरणात दिसतो.

धंद्याचा उशीर: परत खेळवण्यासाठी

दुसरा उशीर कुठल्या नियमात नसतो, तो बेतलेला असतो. पैसे भरताना एक बोट लागते. काढताना चार पडदे: कारण निवडा, खाते पुन्हा टाका, ओटीपी द्या, ‘अजून एक डाव खेळायचा नाही का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणा. मग २४ ते ७२ तासांची वाट. या वाटेत एक बटण सारखे डोळ्यांसमोर असते: ‘विड्रॉल रद्द करा’. दाबले की पैसे लगेच खेळायला मोकळे. तिथे मात्र सर्वर कधी डाऊन नसतो.

रात्री अकरा वाजता, हप्त्याची आठवण येऊन जीव कासावीस झालेला माणूस हे बटण किती वेळ न दाबता राहील, याचा अंदाज घेऊनच ते तिथे ठेवलेले असते. बाहेर पडायला निघालेला पैसा उंबऱ्यातून परत बोलावण्याची ही युक्ती. ब्रिटनच्या जुगार आयोगाने तिच्यावर कायमची बंदी घातली. ३१ ऑक्टोबर २०२१ पासून तिथे विड्रॉल मागितल्यावर तो मागे फिरवण्याची सोय देता येत नाही. त्याआधी मे २०१९ पासून त्यांनी आणखी एक साधी गोष्ट केली. ओळख खेळायच्या आधीच पटवून घ्या. आधी मागता आले असते असे कागद पैसे द्यायच्या वेळी मागू नका.

या दुसऱ्या नियमात सगळ्या प्रश्नाची किल्ली आहे. तपासणी हवीच, पण ती कोणत्या दारात होते ते बघायचे. पैसे घेताना कागद न मागणारा आणि देताना दहा कागद मागणारा, हा कायदा पाळत नसतो. कायद्याच्या आडून वेळ काढत असतो. आपल्याकडे एप्रिल २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत पैशाच्या खेळांसाठी आधीच ओळख तपासण्याची आणि विड्रॉलचे धोरण आधी सांगण्याची तरतूद झाली होती. पण ज्या स्वनियामक संस्थांवर हे सारे उभे राहायचे होते, त्या कधी नेमल्याच गेल्या नाहीत.

धंद्याची आणखी एक गाठ बोनसची. हजार रुपये फुकट बोनस आणि बारीक अक्षरांत ‘तीसपट खेळल्यावर काढता येईल’. म्हणजे ३०,००० रुपयांच्या पैजा लावायच्या. मालकाचा हिस्सा शेकडा फक्त चार धरला तरी सरासरीने १,२०० रुपये तिथेच राहतात. हजाराची भेट घ्यायला बाराशे मोजायचे. तोवर विड्रॉलची विनंती ‘अट अपूर्ण’ म्हणून अडकलेली. ब्रिटनने ही अट जानेवारी २०२६ पासून दहापटीवर बांधली.

लबाडीचा उशीर: जिथे पैसे येणारच नसतात

तिसऱ्या प्रकारात ‘उशीर’ हा शब्दच खोटा. व्हॉट्सॲपवर ‘आयडी’ मिळतो, पैसे भरायला दर वेळी वेगळा यूपीआय क्रमांक येतो, बॅलन्स फुगत जातो. जुलै २०२३ मध्ये नागपुरात उघड झालेले प्रकरण असेच. एका व्यापाऱ्याने ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार दिली आणि पोलिसांनी गोंदियात संशयिताच्या घरावर छापा घातला तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि किलोंनी सोने हाती लागले. तक्रारीनुसार सुरुवात छान होती. लिंक आली, खात्यात आठ लाख जमा दिसले, काही काळ जिंकणे झाले. मग हार सुरू झाली, आणि पैसे परत मागितल्यावर नकार. इतका मोठा व्यापारी फसला, कारण पहिल्यांदा पैसे खरेच दिसले.

लहान माणसाच्या बाबतीत हेच नाटक शेकड्यांत होते. पहिला ५०० चा विड्रॉल पाच मिनिटांत. दुसरा २,००० चा अर्ध्या तासात. मग विश्वासाने भरलेले तीस हजार, ‘पेंडिंग’, आणि संदेश: ‘रक्कम सोडवण्यासाठी ३० टक्के टॅक्स आधी भरा.’ टॅक्स भरला की ‘खाते पडताळणी शुल्क’. वर सांगितलेली खूण इथे कामाला येते. कर आतून कापतात. आधी भरायला सांगणारा करवाला नाही, चोर आहे.

क्वचित पैसे येतातही, आणि तेव्हा वेगळीच आफत असते. हे ॲपवाले भाड्याच्या खात्यांतून पैसे फिरवतात. महिना काही हजारांवर एखाद्या विद्यार्थ्याचे, मजुराचे खाते घेतलेले असते. तुमच्या खात्यात आलेले पाच हजार कुणा दुसऱ्या फसलेल्याचे असू शकतात. त्याने सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार केली की पैशाचा माग काढत पोलिसांचा निरोप तुमच्या बँकेपर्यंत येतो आणि खाते ‘होल्ड’ला लागते. मग सोयाबीनचे पैसे, पीक विम्याचे पैसे, सगळेच त्या खात्यात अडकतात. विड्रॉल ‘सक्सेस’ झाल्याचा पश्चात्ताप करणारे लोकही आहेत.

ऑगस्ट २०२५ ची परीक्षा

तिन्ही उशिरांतला फरक एका आठवड्यात दिसला. ऑनलाइन खेळांना चालना देणारा आणि पैशाच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा लोकसभेने २० ऑगस्ट २०२५ ला, राज्यसभेने २१ ला मंजूर केला आणि २२ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यासाठी पैशाचे व्यवहार करून देणाऱ्यालाही तशीच शिक्षा. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्या आधीच्या जून महिन्यात याच धाराशिव तालुक्यातल्या एका गावातून ऑनलाइन रमीच्या कर्जापायी तीन जीव गेल्याची बातमी आली होती, त्यात एक दोन वर्षांचे मूल होते. इथल्या माणसाला कायद्याचे कारण वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

ड्रीम११सारख्या नोंदणीकृत कंपन्यांनी पैशाचे खेळ थांबवले, नवीन पैसे घेणे बंद केले आणि बॅलन्स काढून घ्या, असे ग्राहकांना कळवले. खेळ बंद झाल्यावर ‘अजून एक डाव’ हा प्रश्नच उरला नाही, बोनसची अट उरली नाही. राहिली फक्त ओळख आणि खाते. म्हणजे दारातून धंदा बाजूला सरला तेव्हा उरलेला उशीर कायद्याचा. कंपन्यांनी कायद्याला आव्हान दिले आणि वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतल्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याकडे घेतल्या. पण परदेशात बसलेल्या, आयडीवर चालणाऱ्या ॲपांनी असा निरोप कुणालाच दिला नाही. त्यांच्या लेखी काही बदललेच नव्हते.

टपरीवरच्या त्या तरुणाला मी तीन गोष्टी विचारल्या. पैसे भरताना पॅन मागितला होता का? नाही. पाठवलेल्या पैशाचा बारा आकडी क्रमांक दिला का? नाही. आणखी काही भरायला सांगितले का? तो जरा थांबला आणि म्हणाला, “पाच हजार पाचशे वीस. टॅक्स म्हणून.” अठरा हजार चारशेचे बरोबर तीस टक्के. हिशेब चोरांचाही चोख असतो. ते भरू नकोस, १९३० ला फोन लाव आणि आधी ज्या क्रमांकांवर पैसे भरलेस ते सांग, एवढेच मी म्हणालो. भरलेल्यातले काही गोठवता आले तर तेवढेच. जिंकलेले कधी नव्हतेच.

तेरला संत गोरोबाकाका कुंभारांची समाधी आहे. थापटण्याने संतांची डोकी ठोकून कुठले मडके कच्चे ते त्यांनी ओळखले, ही कथा इथले लहान पोरही सांगते. बाजारात माठ घेणारी बाईही बोटाने वाजवूनच पैसे देते. त्या तरुणाला हे सांगितले तर तो म्हणाला, “वाजवूनच घेतलं होतं काका. पहिले पाचशे काढून बघितले होते. लगेच आले.”

चोरांनी सगळा खर्च त्या पाचशे रुपयांवरच तर केला होता. वाजवणाऱ्याचे बोट कुठे पडणार, हे घडवणाऱ्याला आधीच माहीत होते, आणि मडके तेवढ्याच जागी भाजलेले होते.